धाब्यावरची खारी

जळगावच्या जुन्या गावात बहिणाबाई चौधरींचा वाडा संग्रहालय म्हणून जपला आहे. पण खानदेशातली कितीतरी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छताची घरं गोदामं होऊन पडली आहेत. कोणी पुन्हा राहायला यायचं ठरवलं, की पहिला सल्ला मिळतो, ‘सिमेंट मारा.’ तेवढं मात्र करू नका.

मातीची भिंत पावसाळ्यात ओल घेते, उन्हात सोडते. सिमेंटच्या गिलाव्यानं ही ओल आतच कोंडते. माती भुसभुशीत होते, पोपडे सुटतात. चुना ओलीला वाट देतो. भिजवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा चुनखडी बनतो, म्हणून इथे घाई चालत नाही.

छताचं शास्त्र तर फारच देखणं. लाकडी तुळया, त्यावर माती आणि मृगाआधी खारीचा, म्हणजे खाऱ्या मातीचा थर. खारीत सोडियम असतं. पहिल्या सरींत तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि छिद्रं बुजवतात. ओली खारी बोटांनी चोळून पाहा, साबणासारखी बुळबुळीत लागते. नवा थर देताना जुना थोडा खरवडायचा, नाहीतर ओझ्यानं तुळई वाकते.

आणि मे महिना? दोन फुटी भिंतीतून दुपारची धग आत पोचेपर्यंत रात्र होते. तोवर घरची माणसं अंथरुणं घेऊन धाब्यावर गेलेली असतात.