असईची रणभूमि आणि नदीचा उतार

असईची लढाई शाळेच्या पुस्तकांत चार ओळींत आटोपते. ती नीट समजून घ्यावयाची तर नदीच्या कांठानें पायीं चाललें पाहिजे.

छत्रपति संभाजीनगराहून सिल्लोडवरून भोकरदनास यावें. हें गांव केळणा नदीवर आहे. तेथून प्रवाहाच्या दिशेनें पूर्वेकडे निघालें म्हणजे उत्तरेस जुई नदी लागते. पुढें त्या दोघी एकमेकींस मिळतात. दोहोंमधील निमुळती जमीन हीच ती रणभूमि. हा मुलूख पूर्वीं औरंगाबाद जिल्ह्यांत होता. १९८१ पासून तो जालना जिल्ह्यांत आहे.

ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज केळण्याच्या उत्तर तीरावर होती. कवायती पायदळ दहा हजारांच्या घरांत, तोफा सुमारें शंभर, घोडदळ तर अफाट. दक्षिणेकडून आलेल्या आर्थर वेलस्लीजवळ कंपनीचे कवायती लोक जेमतेम पांच हजार होते. शिवाय म्हैसूरचे व पेशव्यांचे स्वार.

नदीचे कांठ उंच. जेथून पायीं पार होतां येई, त्या समोरच्या उतारावर तोफा रोखलेल्या. दुसरा उतार नाहीं, असें वाटाड्यांनीं सांगितलें. परंतु खालच्या अंगास दोन तीरांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें वेलस्लीस दिसलीं. इंग्रजी वृत्तांतांत त्यांचीं नांवें पीपळगांव व वारूर अशीं येतात. इतक्या जवळच्या गांवांचें येणेंजाणें असलेंच पाहिजे, असा त्यानें तर्क केला. शोध करविला तों उतार सांपडला! तेथें पहारा नव्हता.

बाजारास वा सोयऱ्यांकडे जाणाऱ्या खेडुतांची ती नित्याची वाट. तीच मोकळी राहिल्यानें शिंद्यांची डावी बगल उघडी पडली.

तरीहि पुढील विजय स्वस्त नव्हता. पोलमन या हॅनोव्हरच्या सरदाराच्या हुकुमावरून पायदळानें आपली फळी काटकोनांत वळवून पूर्वेकडे तोंड केलें. कांहीं गोलंदाज प्रेतांमध्यें पडून राहिले आणि शत्रु पुढें जातांच उठून त्याच्या पाठीवर तोफा डागूं लागले. कंपनीचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले. आपलें विशाल घोडदळ मात्र बहुतेक बाजूसच राहिलें. ९८ तोफा गेल्या. वॉटर्लू जिंकल्यावरहि वेलस्ली असईसच आपली सर्वोत्तम कामगिरी मानीत असे.

शौर्यांत आपले गोलंदाज उणे नव्हते. उणीव होती ती आपल्याच भूमीकडे पाहणाऱ्या डोळ्यांची. म्हणून असईस जाल तेव्हां मुलांस घेऊन जा आणि त्यांस आधीं विचारा: या दोन गांवांचीं माणसें नदी कोठून ओलांडीत असतील?