गुगल सर्चमध्ये नको ते पान दिसतंय? असं काढा!

समजा येरवड्यात तुमच्या दादाचा क्लास आहे. त्याने वेबसाइटवर प्रवेशाची पीडीएफ यादी टाकली. त्यात मुलामुलींची नावं, जन्मतारखा, मोबाइल नंबर. पुढच्या वर्षी मेनूमधली लिंक काढली. पण गुगलवर एखाद्या मुलीचं नाव टाकलं की यादी अजून हजर! कारण लिंक गेली तरी फाइल सर्व्हरवर तशीच आहे आणि गुगलला तिचा पत्ता माहीत आहे.

क्रॉलिंग आणि इंडेक्सिंग

गुगलबॉट पान वाचतो, ते क्रॉलिंग. वाचलेलं पान गुगल आपल्या नोंदवहीत टाकतं, ते इंडेक्सिंग. सर्चमध्ये आपल्याला दिसते ती ही नोंदवही.

रोबोट्स डॉट टीएक्सटी पुरेशी नाही

ही फाइल बॉटला सांगते, ‘इकडे येऊ नकोस.’ १९९४ मध्ये मार्टिन कोस्टर यांनी ही पद्धत सुचवली. पण ही फक्त विनंती आहे, कुलूप नाही. शिवाय ही फाइल कुणीही उघडून वाचू शकतं. म्हणजे गुप्त पानांची यादी तिथे लिहिणं म्हणजे चोराला वाट दाखवणं!

आणखी एक गोची आहे. बॉटला अडवलं तरी दुसऱ्या साइटवर त्या पानाची लिंक असेल, तर नुसता पत्ता सर्चमध्ये येऊ शकतो.

मग करायचं काय?

१. पानाची गरजच नसेल तर ते सर्व्हरवरून डिलीट करा.

२. पान हवं, पण सर्चमध्ये नको असेल तर ‘नोइंडेक्स’ टॅग लावा. पीडीएफमध्ये हा टॅग लावता येत नाही, तिथे सर्व्हरवरून ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ हेडर पाठवा. लक्षात ठेवा, अशा पानाला रोबोट्स डॉट टीएक्सटीने अडवू नका. बॉट आत आलाच नाही तर नोइंडेक्स वाचणार कसा?

३. घाई असेल तर सर्च कन्सोलमधलं ‘रिमूव्हल्स’ वापरा. पण ते साधारण सहा महिनेच टिकतं. तेवढ्यात पहिला किंवा दुसरा उपाय कराच.

४. माहिती खाजगी असेल तर पासवर्डच लावा.

साइट आपली नसेल तर?

आधी साइटच्या मालकाला सांगा. फोन नंबर, घरचा पत्ता, ओळखपत्राचा नंबर अशी माहिती सर्चमधून काढण्यासाठी गुगलचा फॉर्म आहे. पण त्याने फक्त सर्चमधला रिझल्ट जातो, मूळ पान जागेवरच राहतं.

हा फरक कोर्टातही महत्त्वाचा ठरला. खटल्यातून निर्दोष सुटलेल्या एका माणसाचं नाव सर्च केलं की जुना निकाल वर यायचा आणि त्याला नोकरी मिळेना. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की गुगलने तो निकाल सर्चमधून काढावा आणि इंडियन कानून या साइटने तो सर्च इंजिनांना दिसू देऊ नये.

आज एवढं करून बघा: गुगलमध्ये आपलं पूर्ण नाव किंवा मोबाइल नंबर अवतरणचिन्हांत टाका. नको ते सापडलं तर आधी स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, मग तक्रार करा.