ऊसतोडीला निघताय? पहिली-दुसरीच्या लेकरांची शाळा तुटू नये म्हणून आधी ही कामं करा

दसरा-दिवाळी जवळ आली की गावोगावी मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात, उचल वाटली जाते आणि संसार ट्रॅक्टरमध्ये भरून कुटुंबं कारखान्याकडे निघतात. बीड, अहिल्यानगर, जालना भागातली ही कुटुंबं कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि काही थेट कर्नाटकात जातात. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. शाळेचं दुसरं सत्र नेमकं याच काळात असतं. नुकसान सगळ्याच मुलांचं होतं, पण सर्वात मोठा फटका पहिली ते तिसरीच्या लेकरांना बसतो.

लहान वर्गातच जास्त नुकसान का?

जूनपासून दिवाळीपर्यंत पहिलीतलं मूल अक्षरं ओळखायला लागतं, काना-मात्रा कळू लागते. अक्षरं जोडून शब्द आणि शब्दांतून वाक्य वाचणं हा पुढचा टप्पा. तो रोजच्या सरावानेच पक्का होतो. चार-पाच महिने पाटी-पुस्तक सुटलं की शिकलेलंही विसरतं. पुढच्या वर्षी मूल दुसरीत बसतं, वाचन मात्र पहिलीच्याच पातळीवर राहतं.

तिसरी-चौथीपासून गणिताची उदाहरणं असोत की परिसर अभ्यास, सगळं वाचूनच समजून घ्यावं लागतं. वाचता न येणारं मूल वर्गात गप्प बसतं, नंतर शाळेला जायला टाळाटाळ करतं. मग 'याचं डोकंच चालत नाही' असा शिक्का बसतो. खरं तर दोष डोक्याचा नसतो, सलग शाळाच मिळालेली नसते. मुलींचं आणखी अवघड. फडावर लहान भावंडाला सांभाळायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याच गळ्यात पडतं.

शक्य असेल तर लेकरू गावातच ठेवा

स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, गावातल्याच शाळेत शिकतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. मात्र त्यासाठी किती मुलं मागे राहणार, याची यादी हंगामाआधी तयार व्हावी लागते. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी नको, जायचं ठरलं की लगेच मुख्याध्यापकांना भेटून नाव द्या. दुपारचा शालेय पोषण आहार शाळेत मिळतोच.

बरोबर न्यायचंच असेल तर

घरी सांभाळणारं कोणी नसेल, तर निघण्याआधी शाळेतून 'शिक्षण हमी पत्रक' मागून घ्या. मूल कोणत्या वर्गात आहे, हे त्यावरून नव्या शाळेला कळतं. कारखान्याजवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवून मुलाला त्याच वर्गात बसवता येतं. दाखल्यासाठी अडवलं जात असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला टीसी किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून किंवा वर्ष मध्यावर आलं म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. परत येताना तिथल्या शाळेकडूनही हजेरीची नोंद लिहून आणा.

कर्नाटकात जाणाऱ्यांनी तिथे जवळ मराठी शाळा आहे का, याची चौकशी मुकादमाकडे आधीच करावी. कानडी शाळेत पहिलीचं मराठी मूल गोंधळून जाईल. अशा वेळी त्याला गावात ठेवणंच बरं.

आजी-आजोबांना वाचता येत नसलं तरी चालतं

शिकवायला शिक्षक आहेत. घरी फक्त रोज अर्धा तास लेकराजवळ बसायचं.

- पुस्तकातलं एक पान बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगा. अडखळलं तर रागावू नका.
- शेंगा, भाकरी, अंडी मोजायला लावा. दहा-दहाचे ढीग करायला सांगा.
- दुकानात पाठवलं की किती दिले, किती परत आले, हे त्यालाच सांगू द्या.
- रात्री गोष्ट सांगा, दुसऱ्या दिवशी तीच त्याच्याकडून ऐका.
- रात्री वेळेवर झोपवा. मोबाइल हातात देऊन गप्प बसवू नका.

आठवण येणारच

सहा-सात वर्षांचं लेकरू पाच महिने आईविना राहतं. जेवण कमी होणं, अंथरूण ओलं करणं, शाळेला निघताना पोट दुखणं, विनाकारण चिडणं ही आठवणीची लक्षणं असू शकतात. त्यासाठी मारू नका, चिडवू नका, वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. त्रास थांबलाच नाही तर आरोग्य केंद्रात दाखवा.

आईवडिलांनी फोनची वेळ ठरवून घ्यावी. पहाटे फडावर जायचं असल्याने संध्याकाळी कोपीवर आल्यावरची वेळ सोयीची. 'अभ्यास केला का' एवढंच विचारून फोन ठेवू नका. आज शाळेत काय जेवलास, कोणाबरोबर खेळलास, हे विचारा. रेंज नसेल तर व्हॉट्सअॅपवर आवाजाचा मेसेज पाठवा, लेकरू तो पुन्हा पुन्हा ऐकतं. 'दोन दिवसांत येतो' असं खोटं सांगून जाऊ नका. कधी येणार ते खरं सांगा आणि कॅलेंडरवर खूण करून द्या. रोज एक दिवस खोडताना त्याची मोजणीही पक्की होईल.

निघण्याआधी एवढं बघा

मुख्याध्यापकांना भेटलात का? वसतिगृहाच्या यादीत नाव आलं का, किंवा हमी पत्रक हातात आहे का? वर्गशिक्षकांचा नंबर घेतला का? बरोबर नेत असाल तर पाटी, पुस्तकं आणि आधार कार्ड पिशवीत आहे का? कोयत्याची धार बघताना ही चार कामंही बघून घ्या.