उन्हाळ्यात गेमिंग कन्सोल इतका का तापतो? आणि तो वाचवायचा कसा?

नागपूर, अकोला, चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४०च्या वर जाणं नवीन नाही. पण सोनीने प्लेस्टेशन ५ साठी सांगितलेली तापमानाची मर्यादा आहे ५ ते ३५ अंश सेल्सिअस. म्हणजे भर दुपारी एसी नसलेल्या खोलीत गेम सुरू केला, की कन्सोल पहिल्या मिनिटापासूनच मर्यादेबाहेर चालतो.

मोठा गेम चालू असताना हा कन्सोल साधारण २०० वॉट वीज खातो. ही वीज जाते कुठे? जवळपास सगळीच उष्णता होऊन खोलीत उतरते. टीव्हीखाली १०० वॉटचे दोन जुने पिवळे बल्ब लावून ठेवावेत, तसा हा प्रकार. कन्सोलमधला पंखा समोरून हवा ओढतो, चिपची उष्णता शोषून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवरून ती फिरवतो आणि मागून बाहेर फेकतो. पंखा हवा थंड करत नाही, फक्त हलवतो. त्यामुळे आत येणारी हवाच गरम असेल, तर तो कितीही जोरात फिरला तरी फायदा मर्यादितच.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो टीव्ही युनिटमध्ये. कन्सोल शोभेसाठी काचेच्या कप्प्यात बसतो, मागून बाहेर पडलेली गरम हवा तिथेच अडकते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. कन्सोल मोकळ्यावर आणि भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर दूर हवा. गादी किंवा जाड गालिचा नको. कूलरच्या थेट झोताखाली ठेवायचा मोहही टाळलेला बरा, कारण त्या हवेसोबत ओलावाही येतो.

मग उरते धूळ. प्लेस्टेशन ५ च्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये बाजूचं पांढरं आवरण काढलं की धूळ साठण्यासाठी केलेली दोन छिद्रं दिसतात. प्लग काढून, व्हॅक्युम क्लीनर कमी वेगावर ठेवून ती साफ करता येतात. त्यापुढे स्क्रूड्रायव्हर घेऊन आत शिरू नये. चिपवर द्रवरूप धातूचा थर आहे, तो घरी हाताळण्याची गोष्ट नाही.

उष्णता किती महागात पडते, हे मायक्रोसॉफ्टला विचारा. एक्सबॉक्स ३६० मध्ये सतत तापणं आणि थंड होणं यामुळे आतले सूक्ष्म जोड तुटत आणि समोर लाल दिवे लागत. २००७ मध्ये कंपनीने या बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १ अब्ज डॉलरहून जास्त खर्च बाजूला काढला.

आजचे कन्सोल त्याआधीच इशारा देतात. पंख्याचा आवाज वाढत जातो, मग स्क्रीनवर संदेश येतो. तो आला की गेम सेव्ह करून कन्सोल पूर्ण बंद करायचा, रेस्ट मोडवर टाकायचा नाही. अर्धा-पाऊण तास तो मोकळ्या हवेत राहू द्या. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. बाहेर काढताच आत पाणी साचतं.