सोन्याची लॉटरी आणि बटाट्यातली डहाळी

1848 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात कोलोमाच्या लाकूडगिरणीपाशी सोन्याचे कण सापडले, आणि फेब्रुवारीत पॅरिसमध्ये क्रांती झाली. क्रांतीनं राजा गेला, पाठोपाठ धंदेही बसले. मग काय! पुढच्या चार-पाच वर्षांत हजारो फ्रेंच माणसं ल हाव्रसारख्या बंदरांतून जहाजांत बसली. दक्षिण अमेरिकेला वळसा घालून पाच-सहा महिने लाटा खात सॅन फ्रान्सिस्कोला उतरली.

यांतल्या काहींचं तिकीट चक्क लॉटरीनं काढलं. क्रांतीनंतर सत्तेवर आलेल्या लुई-नेपोलियनच्या राजवटीत ‘सोन्याच्या विटांची लॉटरी’ निघाली. एका फ्रँकला एक, अशी 70 लाख तिकिटं, आणि पहिलं बक्षीस चार लाख फ्रँकची सोन्याची लगड! ती पॅरिसकरांना बघायला मांडूनही ठेवली होती. जाहिरातीची पुस्तिका लिहिली धाकट्या अलेक्झांडर द्यूमानं. नफ्यातून पाच हजार गरिबांना कॅलिफोर्नियाला पाठवायचं, असा पुण्याचा हेतू. शहरातली डोकेदुखी परस्पर सातासमुद्रापार गेली तर सरकारला हवीच होती, हे वेगळं सांगायला नको. एकाच नंबरची अनेक तिकिटं खपवली, असा आरोप खुद्द कार्ल मार्क्सनं केला. पाठवलेल्यांचा आकडा पाच हजारांपर्यंत काही पोचला नाही.

खाणीवर स्वागत कसं झालं? 1850 मध्ये परदेशी खाणकामगारांवर महिना 20 डॉलरचा कर बसला. सोनं सापडो न सापडो, कर ठरलेला! पुष्कळांनी फावडं टाकलं आणि शहर गाठलं. तिथं भर रस्त्यात बुटांना पॉलिश करणाऱ्यांत फ्रेंचांचा भरणा होता.

माझ्या मते या सगळ्यांत बाजी मारली लुई पेलिएनं. सोन्याच्या नादानं आला, पण सान होजेला रोपवाटिका काढून बसला. 1856 मध्ये त्याच्या भावानं, पिएरनं, फ्रान्सहून आजाँच्या प्रून प्लमच्या डहाळ्या आणल्या. लांबच्या प्रवासात त्या सुकू नयेत म्हणून त्यांची टोकं कच्च्या बटाट्यांत खोचली, भोवती लाकडाचा भुसा भरला आणि सगळं पेट्यांत बंद केलं. डहाळ्या जगल्या. पुढे सान होजेचं खोरं सुकवलेल्या प्रूनसाठी जगभर गाजलं. सिलिकॉन व्हॅली म्हणतात ती हीच जमीन!

इसिदोर बूदँ याचं घराणं पाववाल्यांचं. 1849 पासून त्याच्या नावाच्या बेकरीत आंबवलेल्या पिठाचा पाव भाजला जातोय, आणि विरजण अजून तेच, असं बेकरी अभिमानानं सांगते. 1906 च्या भूकंपात त्याच्या बायकोनं, लुईजनं, ते बादलीत घालून वाचवलं म्हणे.

लझार बंधू कापडाचे व्यापारी. न्यू ऑर्लिन्समधलं दुकान आगीत गेलं, तेव्हा ते सॅन फ्रान्सिस्कोला आले. कापडाबरोबर सोन्याचा व्यवहार जमला, आणि त्यातून लझार ही जगड्व्याळ बँक उभी राहिली.

सगळ्यांनाच असं शहाणपण सुचलं नाही. काउंट रावुसे-बुल्बोंनं आधी मासेमारी करून पाहिली, मग माणसं जमवून थेट मेक्सिकोच्या सोनोरावर चाल केली. 1852 मध्ये एर्मोसियो शहर घेतलंही! 1854 मध्ये पुन्हा गेला, ग्वायमासला हरला, आणि मेक्सिकनांनी त्याला गोळ्या घातल्या.

पण अस्सल पॅरिसी धंदा पाहावा तो व्हेर्दिए बंधूंचा. 1850 मध्ये ‘व्हिल द पारी’ जहाज रेशीम, लेस, शँपेन आणि कोन्याक घेऊन सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात आलं. माल उतरवायचीही गरज पडली नाही. गिऱ्हाईकंच होड्या करून जहाजावर चढली आणि सोन्याची पूड मोजून माल घेऊन गेली. त्यातूनच ‘सिटी ऑफ पॅरिस’ हे बडं दुकान निघालं, ते 1972 पर्यंत चाललं. इमारत पुढे पाडली, पण तिचा रंगीत काचांचा घुमट नव्या इमारतीत जपून बसवला आहे. बे एरियात लेक-जावयाकडे गेलात तर युनियन स्क्वेअरच्या त्या इमारतीत जरूर जा आणि मान वर करून बघा. काचेत ते जहाज दिसेल.