प्रशिक्षकबदल आणि खेळाडूंची सुधारणा

प्रशिक्षकबदल म्हणजे एखाद्या खेळाडूच्या किंवा संघाच्या मार्गदर्शनाची जबाबदारी एका प्रशिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाणे. असा बदल झाल्यावर तोपर्यंत सामान्य वाटणारे खेळाडू ठळकपणे चांगला खेळ करू लागल्याची उदाहरणे कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, फुटबॉल, रग्बी लीग अशा अनेक खेळांत आढळतात. या सुधारणेचा काही भाग नव्या प्रशिक्षकाच्या पद्धतीमुळे घडतो. काही भाग संघरचना, स्पर्धेचे स्वरूप आणि निव्वळ योगायोग यांमुळे घडतो. हे दोन भाग वेगळे करून पाहणे हा या विषयाच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात संघटित प्रशिक्षणाची जुनी परंपरा तालमीची आहे. तालमीत वस्ताद हा केवळ डाव शिकवणारा नसे. मल्लाचा खुराक, झोप, मेहनत आणि वर्तन यांवरही त्याची देखरेख असे. त्यामुळे वस्ताद बदलणे हे घराणे बदलण्यासारखे मानले जाई आणि ते सहसा टाळले जाई. आधुनिक क्रीडाव्यवस्थेत मात्र प्रशिक्षक बदलणे अपरिहार्य ठरले आहे.

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या शहरात कबड्डी किंवा खो-खो खेळणारे मूल बहुधा गल्लीतील मंडळाच्या मैदानावर संध्याकाळी खेळू लागते. तेथील प्रशिक्षक स्वतः माजी खेळाडू असतो आणि नोकरी, शाळा किंवा कारखान्यातील पाळी सांभाळून, अनेकदा विनामूल्य, शिकवतो. पुढे शाळेचा संघ, जिल्हा संघ, शासनाची क्रीडा प्रबोधिनी, विद्यापीठ आणि शेवटी रेल्वे, पोलीस किंवा एखाद्या व्यावसायिक संघाची निवड असा प्रवास झाल्यास त्या खेळाडूला चार-पाच प्रशिक्षक लाभतात. प्रत्येक टप्प्यावर खेळ सुधारला, तर त्याचे श्रेय बहुधा शेवटच्या प्रशिक्षकाला मिळते.

सुधारणेची कारणे

नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळाडू सुधारण्याची कारणे साधारणपणे पुढील पाच प्रकारांत मोडतात.

भूमिकेतील बदल: खेळाडूचे कौशल्य तेच राहते, पण त्याला योग्य जागा मिळते. कबड्डीत कोपऱ्यात चाचपडणारा बचावपटू मध्यरक्षक म्हणून यशस्वी ठरू शकतो. क्रिकेटमध्ये मधल्या फळीतील फलंदाज सलामीला स्थिरावल्याची उदाहरणे आहेत. हा बदल सर्वांत लवकर फळ देतो.

तंत्रातील दुरुस्ती: जुन्या प्रशिक्षकाच्या नजरेला सवयीने न दिसणारा दोष नव्या नजरेला दिसतो. अशी दुरुस्ती होताना कामगिरी प्रथम घसरते आणि नंतर सुधारते. त्यामुळे तिचे मूल्यमापन काही सामन्यांवरून करता येत नाही.

निवडीची नवी संधी: नव्या प्रशिक्षकासमोर कोणाचीही जागा पक्की नसते. राखीव खेळाडूंना आशा वाटते, तर स्थिरावलेल्यांना जागा टिकवण्यासाठी झटावे लागते. दोन्ही गटांचा सराव त्यामुळे वाढतो.

शिस्त व तंदुरुस्ती: सरावाच्या वेळा, आहार, विश्रांती व वजन यांविषयीचे नियम बदलतात. त्यांचा परिणाम हंगामाच्या उत्तरार्धात, थकवा वाढल्यावर, अधिक दिसतो.

विश्वास: अपयशानंतरही पुढील सामन्यात स्थान मिळणार, याची खात्री असलेला खेळाडू जोखीम घेऊ शकतो. काही प्रशिक्षक ही खात्री देऊन, तर काही धाक दाखवून काम करून घेतात. एकाच प्रशिक्षकाची रीत सर्व खेळाडूंना सारखी मानवत नाही.

सरासरीकडे परतणे

प्रशिक्षक बहुधा संघाची कामगिरी अत्यंत खालावलेली असताना बदलला जातो. अशा वेळी संघ आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षाही खाली खेळत असतो. दुखापती, निसटते पराभव आणि प्रतिकूल निर्णय एकाच काळात साचलेले असतात. हे घटक कायम टिकणारे नसल्यामुळे, काहीही न बदलता संघ पुन्हा आपल्या नेहमीच्या पातळीकडे येण्याची शक्यता अधिक असते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणे म्हणतात. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडील व अपत्ये यांच्या उंचीच्या अभ्यासातून ही संकल्पना मांडली.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी इस्रायली हवाई दलातील प्रशिक्षकांचा एक अनुभव नोंदवला आहे. चांगल्या उड्डाणानंतर कौतुक केले की पुढचे उड्डाण बिघडते आणि वाईट उड्डाणानंतर रागावले की पुढचे सुधारते, असे एका प्रशिक्षकाचे मत होते. प्रत्यक्षात दोन्ही वेळी शिकाऊ वैमानिक आपल्या सरासरीकडे परतत होते. कौतुकाचा किंवा रागाचा त्या फरकाशी फारसा संबंध नव्हता.

यान व्हॅन ऑर्स आणि मार्टिन व्हॅन टॉइल यांनी नेदरलँड्समधील सर्वोच्च फुटबॉल स्पर्धेच्या चौदा हंगामांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक काढून टाकलेल्या संघांची तुलना त्यांनी तशीच घसरण होऊनही प्रशिक्षक न बदललेल्या संघांशी केली. दोन्ही गटांत जवळपास सारखीच सुधारणा दिसून आली. यावरून प्रशिक्षकाला महत्त्व नाही असा अर्थ निघत नाही. घाईने केलेल्या बदलानंतरची अल्पकालीन उसळी हा त्याच्या गुणवत्तेचा पुरावा नव्हे, एवढाच निष्कर्ष निघतो.

उदाहरणे

खाशाबा जाधव

कऱ्हाडजवळील गोळेश्वर येथे जन्मलेले खाशाबा जाधव (१९२६–१९८४) लाल मातीत घडलेले मल्ल होते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली आणि कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांच्या प्रवासाला अर्थसाहाय्य केले. मॅटवरील कुस्ती त्यांना नवी होती. मातीत पाय रुततो, मॅटवर तो सरकतो. मातीतील कुस्ती चीतपट होईपर्यंत चालू शकते, ऑलिंपिकमध्ये वेळेची मर्यादा व पंचांचा निर्णय असतो. लंडनमध्ये त्यांना अमेरिकी मल्ल रीस गार्डनर यांचे मार्गदर्शन मिळाले आणि फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळवला.

गार्डनर यांच्यासोबतचा काळ अल्प होता. बळ, चपळाई आणि डावांचे ज्ञान जाधवांकडे आधीपासून होते. नव्या मार्गदर्शनाने ते नव्या नियमांत वापरण्याची दृष्टी दिली. त्यानंतरची चार वर्षे त्यांनी कठोर मेहनत केली. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे उभे करताना राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले. तेथे बँटमवेट गटात जाधवांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यामागे तालमीतील वस्ताद, परदेशी मार्गदर्शक आणि पाठीशी उभे राहिलेले शिक्षक अशा सर्वांचा वाटा होता.

विदर्भ क्रिकेट संघ

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक स्पर्धेत खेळत होता, पण सुमारे सहा दशके त्याला अंतिम फेरी गाठता आली नव्हती. २०१७ मध्ये मुंबईचे माजी यष्टिरक्षक चंद्रकांत पंडित या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच हंगामात विदर्भाने करंडक जिंकला. कोलकात्यातील उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या ५ धावांनी विजय मिळाला. त्या सामन्यात वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानीने १२ बळी घेतले. इंदूर येथील अंतिम सामन्यात त्याने दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक साधली, तर यष्टिरक्षक अक्षय वाडकरने आपले पहिले प्रथमश्रेणी शतक झळकावले. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाने हा सामना ९ गडी राखून जिंकला. हंगामात गुरबानीने ३९ बळी घेतले आणि कर्णधार फैज फझलने ९१२ धावा केल्या. २०१८-१९ मध्ये सौराष्ट्राला हरवून विदर्भाने करंडक राखला.

कडक शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या पंडितांना या यशाचे मोठे श्रेय दिले जाते. त्यांनी पुढे मध्य प्रदेशालाही २०२२ मध्ये पहिले रणजी विजेतेपद मिळवून दिले, त्यामुळे विदर्भातील यश हा योगायोग होता असे म्हणता येत नाही. मात्र ते येण्यापूर्वीच विदर्भात निवासी अकादमीतून स्थानिक मुलांची जडणघडण सुरू झाली होती, सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजांवर काम करत होते आणि वसीम जाफरसारखा अनुभवी फलंदाज संघात होता. पंडित गेल्यानंतरही संघ टिकून राहिला. उस्मान गनी यांच्या प्रशिक्षणाखाली विदर्भ २०२३-२४ मध्ये उपविजेता आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा विजेता ठरला. २०२४-२५ च्या हंगामात फिरकी गोलंदाज हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन स्पर्धेच्या एका हंगामातील सर्वाधिक बळींचा विक्रम केला. अकादमीने खेळाडू तयार केले होते. पंडितांनी त्यांना जिंकण्याची सवय लावली, असे या घटनाक्रमावरून म्हणता येते.

पुणेरी पलटण

प्रो कबड्डी लीगमधील पुण्याचा संघ २०२२ मध्ये बी. सी. रमेश यांच्याकडे आला. त्याच वर्षी नवव्या हंगामात संघ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला आणि जयपूरकडून २९-३३ असा पराभूत झाला. दहाव्या हंगामात पुण्याने साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद पटकावले. चढाईचा भार कर्णधार अस्लम इनामदार, मोहित गोयत आणि पंकज मोहिते यांच्यात विभागला गेल्याने संघ एकाच चढाईपटूवर अवलंबून राहिला नाही. त्याच हंगामापूर्वी २.३५ कोटी रुपयांना घेतलेला इराणी बचावपटू मोहम्मदरेझा शादलू हाही यशाचा मोठा शिल्पकार होता.

अकराव्या हंगामात प्रशिक्षक तेच असूनही शादलू संघात नव्हता आणि इनामदार जायबंदी झाला. संघाला बाद फेरीही गाठता आली नाही. बाराव्या हंगामात अजय ठाकूर प्रशिक्षक झाले आणि पुणे उपविजेते ठरले. रमेश बंगळुरूकडे गेले आणि आदल्या वर्षी तळाला असलेला तो संघ बाद फेरीत पोहोचला. मात्र लिलावामुळे तेथील संघही मोठ्या प्रमाणावर बदललेला होता.

मेलबर्न स्टॉर्म

रग्बी लीग हा प्रत्येकी तेरा खेळाडूंचा खेळ १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये रग्बीतील फुटीतून निर्माण झाला. सहा पकडी पूर्ण झाल्यावर चेंडूचा ताबा सोडावा लागतो, म्हणून पकडीची गुणवत्ता निर्णायक असते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न स्टॉर्मचे प्रशिक्षक क्रेग बेलामी २००३ पासून या संघाबरोबर असून, इतर संघांनी दुर्लक्षिलेले खेळाडू त्यांच्याकडे सुधारतात अशी त्यांची ख्याती आहे. त्यांच्या सरावात कुस्तीतील पकडींचा पद्धतशीर उपयोग केला गेला. वेतनमर्यादेचा भंग केल्यामुळे २००७ व २००९ ची विजेतेपदे २०१० मध्ये काढून घेतली गेली आणि अनेक खेळाडू सोडावे लागले. तरीही संघाने २०१२ मध्ये विजेतेपद मिळवले. वेतनमर्यादेमुळे सर्व गुणी खेळाडू एकाच संघाला घेता येत नाहीत, म्हणून अशा स्पर्धेत स्वस्तात मिळालेला खेळाडू सुधारणे हे प्रशिक्षकाचे मुख्य काम बनते.

श्रेयाचा प्रश्न

निकालावरून प्रशिक्षकाची पारख करण्यातील धोका मुंबईच्या उदाहरणातून दिसतो. चंद्रकांत पंडित यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबईने २०१५-१६ मध्ये रणजी करंडक जिंकला आणि पुढील वर्षी संघ उपविजेता ठरला, त्यानंतर त्यांच्याकडील जबाबदारी काढून घेण्यात आली. लगेचच त्यांनी विदर्भाला विजेते केले. २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाकडून हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.

एखाद्या खेळाडूची सुधारणा नव्या प्रशिक्षकामुळेच झाली काय, हे ठरवताना तीन गोष्टी तपासणे उपयुक्त ठरते. सुधारणा पहिल्या काही सामन्यांपलीकडे टिकली काय? तिच्यामागे भूमिका, तंत्र किंवा सराव यांतील दाखवता येण्याजोगा बदल आहे काय? त्याच प्रशिक्षकाकडे इतर खेळाडूही सुधारले काय? या कसोट्या लावल्या तरी पहिल्या प्रशिक्षकाचे काम मोजता येत नाही, कारण ते नोंदींत येत नाही. मैदानावर पाय कसा टाकावा, श्वास कसा राखावा आणि हरल्यावर पुन्हा सरावाला कसे यावे, हे गावातील मंडळात किंवा तालमीत शिकवले गेलेले असते. नवा प्रशिक्षक बहुधा त्याच पायावर उभा राहून काम करतो.

हेही पाहा

खाशाबा जाधव
चंद्रकांत पंडित
रणजी करंडक
प्रो कबड्डी लीग
रग्बी लीग