दादीने पाहिलेला पहिला समुद्र

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. नंदनवनातल्या आमच्या घरी दुपारी कूलरसमोर सगळे आडवे झाले होते. धाकटी मोबाइलवर ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटाची चित्रे पाहत होती. पांढरीशुभ्र घरे, निळे घुमट आणि खाली निळाशार समुद्र. तिने विचारले, “अब्बू, आपण असं बेटावर कधी जायचं?”

मुलांच्या अब्बूंनी तिला हसण्यावारी नेले नाही. कागद-पेन घेऊन तिच्यासमोर बसले. युरोपच्या व्हिसाची फी मोठ्या माणसाला ९० युरो आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ४५ युरो. आम्ही तिघे मोठे, दोन मुले. म्हणजे ३६० युरो, तीस हजार रुपयांच्या वरच. विमान, हॉटेल, जेवण अजून बाजूलाच. धाकटीचे तोंड एवढेसे झाले.

तेवढ्यात पलंगावर तसबीह घेऊन बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “बेटाचं राहू दे पोरी. मी तर अजून समुद्रसुद्धा पाहिला नाही.”

सासूबाईंचे वय सदुसष्ट. माहेर उमरेडकडचे, सासर नागपूर. अंबाझरी आणि गांधीसागर तलाव एवढेच त्यांनी पाहिलेले मोठे पाणी. आपले शहर झिरो माईलचे, देशाच्या मध्यावरचे. कोणत्याही दिशेला निघा, समुद्र लांबच. पण सदुसष्ट वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्यांना हे विचारले नव्हते, याची मला लाज वाटली. त्याच दिवशी ठरले, बेटावर जायचेच. पण आपल्या बेटावर, मुरूड-जंजिऱ्याला.

‘जंजिरा’ हा शब्दच मुळी अरबीतल्या ‘जझीरा’वरून आला आहे. जझीरा म्हणजे बेट. हे कळल्यावर धाकटीची तक्रार मिटली.

प्रवासाची तयारी

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटी बंद असतात आणि जंजिऱ्यातही जाता येत नाही. मे महिन्यात उकाड्याने जीव नकोसा होतो. म्हणून आम्ही दिवाळीच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा निवडला. पर्यटकांची गर्दी तोवर ओसरलेली असते.

राहण्याची सोय करताना मात्र एक कडू अनुभव आला. एका ठिकाणी फोनवर दोन खोल्या ठरल्या, भाडेही ठरले. त्यांनी ओळखपत्रे मागितली. आम्ही आधार कार्डांचे फोटो पाठवले. अर्ध्या तासाने निरोप आला, खोल्या भरल्या. थोरल्याने तो निरोप वाचला. तो अकरा वर्षांचा आहे, काही बोलला नाही. पण रात्री झोपताना म्हणाला, “मम्मी, नाहीच गेलो तर?” मी म्हटले, “एका दारामुळे समुद्र बंद होत नाही बेटा.” म्हणायला म्हटले, पण मलाही त्या रात्री नीट झोप आली नाही.

शेवटी ओळखीतून राजपुरी गावातल्या एका घरी सोय झाली. खाली घरमालक राहतात, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी, जेवण घरचेच.

नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. संध्याकाळी बसलो, सकाळी मुंबईत. गेटवे ऑफ इंडियावरून बोटीने मांडव्याला तासाभरात पोहोचतो. त्याच तिकिटात पुढे अलिबागपर्यंत बस मिळते. अलिबागहून मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर, एसटी आहे. हा रस्ता रेवदंडा, काशीद असा समुद्राला धरून जातो. एका बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला पाणी. गेटवेवर माणसांच्या आणि बोटींच्या गर्दीत सासूबाईंना समुद्र नीट दिसलाच नव्हता. काशीदजवळ एसटीच्या खिडकीतून तो अचानक समोर आला. क्षितिजापर्यंत नुसते पाणी. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त ‘सुबहानल्लाह’ म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

राजपुरीचे घर

घरमालकीण कोकणी मुस्लिम, सासूबाईंच्याच वयाच्या. त्यांची मराठी कोकणी वळणाची, आमची वऱ्हाडी-नागपुरी. पहिला अर्धा तास दोघी एकमेकींना “काय म्हणालात?” असेच विचारत होत्या. नंतर चुलीपुढे बसून त्यांच्या ज्या गप्पा रंगल्या, त्या चार दिवस संपल्या नाहीत. नागपुरात आमच्या मुलांना कधीकधी कोणी विचारते, “तुम्हाला मराठी इतकी चांगली कशी येते?” इथे सगळ्या मोहल्ल्याची घरची भाषाच मराठी. थोरल्याला याचे फार नवल वाटले.

जेवणात तांदळाची भाकरी, तळलेली सुरमई, नारळाच्या दुधातले कोळंबीचे सालन आणि सोलकढी. आम्ही रोहू-कतला खाणारे, तलावाच्या मासळीचे. समुद्राच्या मासळीची चव वेगळी, काटा कमी. पोरे बोटे चाटत बसली. हलालची चौकशी करावी लागत नव्हती, हा एक निवांतपणा. सफरीत कस्र नमाज असल्याने सासूबाईंची ओढाताण झाली नाही. फजरनंतर त्या अंगणात खुर्ची टाकून बसत आणि बंदरावर मासळी घेऊन येणाऱ्या होड्या पाहत.

किल्ल्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी जंजिरा. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या सुटतात. किल्ला चारही बाजूंनी पाण्यात. तटाची उंची सुमारे चाळीस फूट. महादरवाजा असा बांधलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसतच नाही. होडीतून पायरीवर उतरताना लाटेबरोबर होडी वर-खाली होते. सासूबाई घाबरल्या. म्हणाल्या, “मी इथंच बसते, तुम्ही जाऊन या.” होडीवरचा कोळी तरुण पाण्यात गुडघाभर उतरला, हात पुढे केला आणि म्हणाला, “आजी, माझ्याकडं बघ, पाण्याकडं बघू नको. ये.” आणि सदुसष्ट वर्षांच्या आजी पायरीवर उभ्या राहिल्या.

आत भल्यामोठ्या तोफा आहेत. त्यातली कलालबांगडी सर्वांत मोठी, बावीस टनांची असल्याचे सांगतात. भोवती सगळे खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. पडका वाडा आहे, मशीद आहे. विसाव्या शतकातही इथे वस्ती होती.

गाईडने इतिहास सांगितला. सिद्दी म्हणजे आफ्रिकेतून, हबसाणातून आलेली माणसे. आपल्या इतिहासातला मलिक अंबरही तिथलाच. सिद्दी दर्यावर्दी होते. त्यांनी आधी निजामशाहीची, मग आदिलशाहीची, पुढे मोगलांची चाकरी केली. शिवाजी महाराजांना हा किल्ला घेता आला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये समुद्रात भर टाकून वाट करण्याचा प्रयत्न केला, तोही साधला नाही. पोर्तुगीज आणि इंग्रजांनाही तो जिंकता आला नाही.

थोरला तटावर उभा राहून ऐकत होता. चौथीत त्याने शिवछत्रपतींचा इतिहास पाठ केलेला, प्रतापगडाची गोष्ट तो आजही रंगवून सांगतो. त्याने हळूच विचारले, “अब्बू, मग आपण कोणाच्या बाजूचे?”

हा प्रश्न आपल्या मुलांच्या मनात कधी ना कधी येतोच. काही घरांत तो विचारला जातो, काही घरांत मनातच राहतो. त्याच्या अब्बूंनी त्याला समोर पाण्यातला दुसरा किल्ला दाखवला. तो पद्मदुर्ग, महाराजांनी सिद्दीवर वचक ठेवण्यासाठी बांधलेला. ते म्हणाले, “महाराजांच्या आरमाराचा एक मोठा सरदार कोण होता, माहीत आहे? दौलतखान. १६७९ मध्ये खांदेरीच्या लढाईत तो मायनाक भंडारीच्या बरोबरीने इंग्रजांशी आणि सिद्दीशी लढला. आणि मलिक अंबर मोगलांशी लढला तेव्हा त्याच्या बाजूने भातवडीच्या लढाईत शहाजीराजे होते. हे राजांचे आणि सरदारांचे झगडे होते बेटा. लढणारी माणसं दोन्हीकडं दोन्ही धर्मांची होती.”

“म्हणजे दोन्ही आपलेच?”

“दोन्ही आपल्या मातीतले. पद्मदुर्ग पाहून जितका अभिमान वाटेल तितकाच जंजिरा पाहून वाटायला हरकत नाही.”

थोरला बराच वेळ पद्मदुर्गाकडे बघत राहिला. खोल्या नाकारल्याच्या निरोपानंतर त्याच्या चेहऱ्यावर जो ताण होता, तो मला त्या क्षणी पहिल्यांदा सैल झालेला दिसला.

बेगमांचा प्रवास

मुरूड हे जंजिरा संस्थानच्या नवाबांचे गाव. समुद्राकाठच्या टेकडीवर त्यांचा राजवाडा रस्त्यावरून दिसतो. तो खासगी असल्याने आत जाता येत नाही. हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले.

या घराण्यातली एक गोष्ट आपल्या भगिनींनी जरूर लक्षात ठेवावी. नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाजली रफिया यांनी १९०८ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि ‘सैर-ए-यूरोप’ हे उर्दू प्रवासवर्णन लिहिले. त्यांच्या बहीण अतिया फैजी १९०६ मध्ये शिक्षणासाठी लंडनला गेल्या. तिथून त्यांनी पाठवलेला रोजनामचा लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून येत होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या स्त्रिया जग पाहत होत्या, ते लिहून घरोघरच्या बायकांपर्यंत पोहोचवत होत्या. आणि आम्ही नागपुरातून मुरूडला यायला सदुसष्ट वर्षे लावली.

वाळू, जंगल आणि पाणी

तिसरा दिवस मुलांचा. मुरूडच्या किनाऱ्यावर सकाळी वाळूचे किल्ले, शंख-शिंपले. दुपारनंतर काशीद. तिथे पाण्यातले खेळ आहेत, घोडागाडी आहे. सासूबाई साडी किंचित उचलून पाण्यात उभ्या राहिल्या. लाट मागे गेली की पायाखालची वाळू सरकते, तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसत होत्या.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते. काशीदचा समुद्र दिसतो तितका साधा नाही. माणसे बुडाल्याच्या बातम्या येतात. भरती-ओहोटीची वेळ स्थानिकांना विचारूनच पाण्यात जा. ओहोटीला पाणी आत ओढते. मुलांचा हात सोडू नका, गुडघ्याच्या पुढे जाऊ देऊ नका. जीवरक्षक किंवा कोळी बांधव नको म्हणाले, तर वाद घालू नका.

चौथ्या दिवशी फणसाड अभयारण्य. एकेकाळी ही नवाबांची शिकारीची राखीव जागा होती. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. सकाळी लवकर गेलात आणि गप्प राहिलात तर शेकरू दिसू शकते. आम्हाला एक दिसले, या झाडावरून त्या झाडावर झेप घेताना. राजपुरीजवळ खोकरीचे घुमट आहेत, सिद्दी सरदारांच्या दगडी कबरी. तिथे फातिहा वाचून आम्ही परत निघालो.

हिशेब

पाच जणांचा रेल्वे, बोट, एसटी, राहणे, जेवण, होडी सगळे धरून खर्च अठ्ठावीस हजार झाला. म्हणजे ग्रीसच्या नुसत्या व्हिसा फीपेक्षा कमी. ग्रीस सुंदरच असणार. अल्लाहने ऐपत दिली तर तेही पाहू. पण सुट्टी म्हणजे लांब जाणे नव्हे, हे आम्हाला कळले. चार दिवस टीव्ही नाही, ट्यूशन नाही, सगळे एका ताटाभोवती.

घरी आल्यावर शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारले, “कसा वाटला समुद्र?” त्या म्हणाल्या, “खारट असतो हे ऐकून होते. बोट बुडवून जिभेला लावलं, खरंच खारट आहे.” आणि मग स्वतःच हसत म्हणाल्या, “आता पुढच्या खेपेला तुम्हीही चला.”

वाचकहो, आज रात्री जेवताना आपल्या घरातल्या अम्मी, दादी, नानी, आजोबांना एकदा विचारा, “तुम्ही काय पाहायचं राहिलं आहे?” उत्तर कदाचित फार महागाचे नसेल. आमच्या घरी ते विचारायला उशीर झाला. तुमच्या घरी होऊ देऊ नका.